सोरा ते परक्लोरेट : बेळगाव-निपाणी परिसरातील दाहक क्षारांचा इतिहास आणि एका शब्दाचा धोका

प्रास्ताविक

बेळगावच्या किल्ल्याचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः राजवटींचा क्रम सांगतो : रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज. या क्रमात एक गोष्ट सहसा सुटून जाते. हा किल्ला १४७३ मध्ये महमूद गावानने घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. दोन्ही वेळा तटाशी झुंजली ती एका पांढऱ्या मिठापासून केलेली दारू. ते मीठ म्हणजे सोरा, रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम नायट्रेट. पुढे सोऱ्याच्या शेजारी पोटॅशियमचेच आणखी दोन क्षार येऊन बसले : प्रथम क्लोरेट, नंतर परक्लोरेट. तिन्ही दिसायला पांढरे आहेत, तिन्ही स्वतः पेट घेत नाहीत आणि तिन्ही दुसऱ्या पदार्थाला पेटण्यासाठी प्राणवायू पुरवतात. परंतु त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. हा फरक न ओळखल्याने अनेकांचे हात, डोळे आणि प्राण गेले आहेत.

या तीन क्षारांचा इतिहास आपल्या परिसराच्या संदर्भात मांडणे आणि त्यांच्या नावांत झालेल्या गोंधळामुळे कोणता धोका निर्माण झाला हे दाखवणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

आपल्या भाषेने या विषयाची काही साक्ष जपून ठेवली आहे. ‘बारूद’ हा शब्द अरबी ग्रंथांत आरंभी सोरा या अर्थाने येतो. पुढे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाला तेच नाव मिळाले. म्हणजे घटकाचे नाव मिश्रणाला लागले. तेराव्या शतकातील वनस्पतिज्ञ इब्न अल्-बैतार याने सोऱ्यासाठी ‘चीनचे बर्फ’ अशा अर्थाचे नाव नोंदवले आहे. त्यावरून हे ज्ञान पूर्वेकडून आल्याची जाणीव तेव्हाच्या अभ्यासकांना होती असे दिसते.

मराठीतील ‘दारू’ची कथा अधिक बोलकी आहे. फार्सीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून टिकून आहे. ‘दारूगोळा’ आणि ‘शोभेची दारू’ यांत तोच शब्द स्फोटक मिश्रणासाठी वापरला जातो. औषध आणि स्फोटक यांना एकच शब्द असावा हा योगायोग वाटतो, परंतु परक्लोरेटच्या बाबतीत तो किती यथार्थ ठरला हे पुढे दिसेल.

‘अल्कली’ हा शब्दही अरबी ‘अल्-कली’वरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ विशिष्ट वनस्पती जाळून मिळणारी क्षारयुक्त राख. सोडियम आणि पोटॅशियम यांना आपण अल्कली धातू म्हणतो त्यामागे ही राख आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सीरियातील हसन अल्-रम्माह याने युद्धविद्येवरील ग्रंथात सोरा शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली. कच्चा सोरा पाण्यात विरघळवायचा, त्यात लाकडाच्या राखेचे पाणी घालायचे, खाली बसणारा गाळ वेगळा काढायचा आणि उरलेल्या पाण्यातून स्फटिक जमवायचे. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटमुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे ओल धरणारे क्षार निघून जातात व कोरडा, भरवशाचा सोरा मिळतो. सूत्रे आणि समीकरणे नसतानाही अनुभवातून शोधलेली ही रीत आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीस उतरते.

बेळगावचा सुरुंग

‘सुरुंग’ हा शब्द बारुदीपेक्षा कितीतरी जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात तो भुयार या अर्थाने येतो. तटाखाली भुयार खणून तट खचवणे ही जुनी युक्ती होती. भुयारात बारूद भरून तट उडवणे ही नवी युक्ती. दख्खनेत तिचा ठळक उल्लेख येतो तो बेळगावच्या वेढ्यात.

महमूद गावान हा इराणमधील गीलान प्रांताचा. १४५३ च्या सुमारास तो बिदरला आला आणि स्वतःच्या गुणांवर बहमनी राज्याच्या वजिरीपर्यंत पोहोचला. १४७२ मध्ये बेळगावच्या राजाने विजयनगरच्या प्रेरणेने गोव्यावर चाल करण्याचा प्रयत्न केला. गोवा त्याच वर्षी गावानने जिंकलेला होता. त्यामुळे सुलतान तिसरा मुहम्मद आणि गावान बेळगावावर चालून आले. किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खोल खंदक होता. वेढा घालणाऱ्यांनी दिवसा तो लाकूड-मातीने भरावा आणि किल्ल्यातील लोकांनी रात्री भराव काढून टाकावा असे चालले होते. अखेर गावानने सुरुंग खणवून त्यांत बारूद भरली. तटाला खिंडार पडले आणि तेथे तुंबळ लढाई झाली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की, सुरुंगाची ही पद्धत तोवर दख्खनेत माहीत नव्हती. राजा स्वतःच्याच वकिलाच्या वेषात सुलतानासमोर आला आणि ओळख देऊन शरण गेला, असेही तो लिहितो. या मोहिमेत सुलतानाची माता सोबत होती. तिचे निधन याच मोहिमेत झाले.

फरिश्त्याने हे विजापुरात, सुमारे सव्वाशे वर्षांनंतर लिहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंतु पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनेत बारूद रुळू लागली होती आणि बेळगावचा वेढा हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होता, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

याच गावानने १४७२ मध्ये बिदर येथे भव्य मदरसा उभारला. तेथे ग्रंथालय होते, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याची सोय होती. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गावानला देहदंड देण्यात आला. मदरसा मात्र चालू राहिला. औरंगजेबाने बिदर घेतल्यानंतर त्या इमारतीचा काही भाग लष्कराकडे गेला, तेथे बारूद साठवली गेली आणि १६९६ मध्ये स्फोट होऊन मदरशाचा दर्शनी भाग व एक मनोरा कोसळला. बेळगावचा तट ज्याने बारुदीने फोडला त्याचेच विद्यामंदिर दोनशे वर्षांनी बारुदीने फुटले. बारूद कोठे ठेवावी याचा विवेक सुटला की ती शत्रूचा तट आणि आपली शाळा यांत भेद करीत नाही.

१८१८ मध्ये जनरल मन्रोच्या सैन्याने बेळगावला वेढा घातला. सुमारे तीन आठवड्यांच्या तोफखान्यानंतर १० एप्रिल रोजी किल्ला त्यांच्या हाती आला. या वेढ्यातही इंग्रजांच्या स्वतःच्या मोर्च्यातील दारूच्या साठ्याचा अपघाती स्फोट झाला होता.

आतषबाजीची परंपरा

युद्धातील बारूद लवकरच उत्सवात आली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावर १९५३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया आहे. १४४३ मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर्रज्जाकने तेथील उत्सवात आतषबाजी पाहिली. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त लग्नसोहळ्यातील दारूकामाचे वर्णन आहे. १६०९ मध्ये विजापूरच्या दरबारातील एका मातबर सरदाराच्या कन्येचा मलिक अंबरच्या पुत्राशी विवाह झाला, तेव्हा केवळ आतषबाजीवर ऐंशी हजार रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. महादजी शिंदे यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूकामाच्या लंकेचे वर्णन सवाई माधवराव पेशव्यांना ऐकवल्याचे बखरीत येते.

दारूकाम करणाऱ्या कारागिरांत मुस्लिम कुटुंबे पुष्कळ होती. ‘आतषबाज’ हा शब्दच फार्सी आहे. उरूस आणि जत्रा, लग्न आणि दसरा यांत भेद न करता त्यांनी भुईनळे, बाण, चंद्रज्योती केल्या. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद येथील दसऱ्याची आतषबाजी या परंपरेची आजची साक्ष आहे. या हौसेबद्दल धर्मपंडितांत नाराजीही होती. शेख अब्दुल हक मुहद्दिस देहलवी (१५५१–१६४२) यांनी शब-ए-बरातच्या रात्री दिवे लावून आतषबाजी करण्याच्या प्रथेला आधार नसल्याचे लिहून तिचा निषेध केला होता.

या कारागिरांची विद्या सोऱ्यावर उभी होती. सोरा तुलनेने संथ आणि सहनशील असतो. त्यातून प्राणवायू मोकळा व्हायला बाहेरून उष्णता द्यावी लागते. म्हणून सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र घोटता येत, ओलसर ठेवून कुटता येत. पिढ्यानपिढ्या कारागिरांच्या हाताने जे शिकले ते या क्षाराच्या स्वभावाशी जुळवून घेतलेले होते.

क्लोरेटचे आगमन

फ्रेंच रसायनज्ञ बर्तोले याने १७८६ च्या सुमारास पोटॅशियम क्लोरेट तयार केले. सोऱ्याऐवजी ते वापरून अधिक जोरकस बारूद करावी, या विचाराने २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोन येथील कारखान्यात प्रयोग झाला. लाव्हाझिए आणि बर्तोले दोघेही उपस्थित होते. ते थोडे दूर गेले असताना मिश्रणाचा स्फोट झाला आणि तेथील संचालक व एक तरुणी मृत्युमुखी पडली. नव्या क्षाराने आपला स्वभाव पहिल्याच भेटीत दाखवला होता.

त्याचे कारण असे. सोऱ्याचे विघटन उष्णता शोषून घेते; क्लोरेटचे विघटन उलट उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे एकदा आरंभ झाला की क्रिया स्वतःलाच ढकलीत जाते. त्यातही गंधकाशी क्लोरेटचे विशेष वैर आहे. साठवलेल्या गंधकात आम्लाचा अंश असतो किंवा ओलाव्याने तयार होतो. तो क्लोरेटशी संयोग पावून अस्थिर क्लोरिक आम्ल निर्माण करतो. असे मिश्रण घासल्याने, ठोकल्याने, कधी तर नुसते ठेवल्याठिकाणी पेट घेते. सोऱ्याच्या सवयीने क्लोरेट हाताळणाऱ्या कारागिराला हे कळावे कसे? पदार्थ पांढरा, कृती तीच, खलबत्ता तोच.

ब्रिटनने १८९४ मध्ये क्लोरेट व गंधक यांच्या मिश्रणावर बंदी घातली. भारतात अशी बंदी येण्यासाठी २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेची वाट पाहावी लागली. या दोन तारखांमध्ये ९८ वर्षांचे अंतर आहे. १८८४ चा स्फोटक कायदा इंग्रजांनीच येथे लागू केला होता. परंतु स्वतःच्या देशातील कामगारांना दिलेले हे एक संरक्षण येथील कारागिरापर्यंत शतकभर पोहोचले नाही.

परक्लोरेट : गुणधर्म आणि धोके

पोटॅशियम परक्लोरेट प्रथम १८१६ मध्ये व्हिएन्ना येथे फ्रीड्रिख फॉन श्टाडिऑन याने तयार केले. विजेच्या साहाय्याने त्याचे व्यापारी उत्पादन १८९० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाले. सोडियम क्लोरेटच्या द्रावणातून वीज सोडली की सोडियम परक्लोरेट मिळते. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळले की पोटॅशियम परक्लोरेटचे स्फटिक खाली बसतात. हे शक्य होते ते विद्राव्यतेतील फरकामुळे : साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सोडियम परक्लोरेट सुमारे २०० ग्रॅम विरघळते, तर पोटॅशियम परक्लोरेट जेमतेम २ ग्रॅम. हवेतील ओल न शोषणे हाही त्याचा गुण. म्हणूनच दारूकामात सोडियमचा क्षार मागे पडला आणि पोटॅशियमचा टिकला.

हा क्षार रंगहीन स्फटिकांच्या रूपात असतो, घनता सुमारे २.५. त्याच्या वजनाचा ४६ टक्के भाग प्राणवायू असतो; क्लोरेटमध्ये तो ३९ टक्के. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवल्यास त्याचे विघटन होऊन पोटॅशियम क्लोराइड आणि प्राणवायू मिळतात. या विघटनात उष्णता फारशी शोषली जात नाही आणि फारशी बाहेरही पडत नाही. क्लोरिनचा अणू चार प्राणवायू अणूंनी सर्व बाजूंनी वेढलेला असल्याने साध्या तापमानाला तो सहज क्रिया करीत नाही. म्हणूनच क्लोरेटपेक्षा परक्लोरेट अधिक सुरक्षित मानले जाते आणि बंदीनंतर अनेक प्रकारांत त्याने क्लोरेटची जागा घेतली.

परंतु ‘अधिक सुरक्षित’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. बारीक ॲल्युमिनियमच्या भुकटीत परक्लोरेट मिसळले की अत्यंत वेगाने जळणारी दारू तयार होते. तिला ठिणगी देण्यासाठी काडी लागत नाही. कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यावर साचलेली स्थिर वीज पुरते. गंधक, साखर, लाकडाचा भुसा, तेलकट चिंधी, यांपैकी काहीही मिसळले तरी क्षाराचा स्वभाव बदलतो. त्याच कुळातील अमोनियम परक्लोरेट अग्निबाणांच्या इंधनात वापरतात. ४ मे १९८८ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात त्याच्या कारखान्यात आग लागून प्रचंड स्फोट झाले, दोन माणसे मेली आणि शेकडो जखमी झाली.

दुसरा धोका आवाज न करणारा आहे. परक्लोरेटचा आयन आकाराने आयोडाइडच्या आयनासारखा असल्याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत आयोडीन शिरण्याच्या वाटेत तो आडवा येतो. याच गुणामुळे १९५० च्या दशकात थायरॉइडच्या अतिक्रियेवर औषध म्हणून पोटॅशियम परक्लोरेट दिले जाई. पुढे काही रुग्णांत रक्तपेशींची निर्मिती थांबण्याचा गंभीर विकार आढळला आणि १९६० च्या दशकात त्याचा वापर मर्यादित झाला. फार्सीतील ‘दारू’ आणि मराठीतील ‘दारू’ येथे एकाच बाटलीत भेटतात. परक्लोरेट पाण्यात मिसळले तर दीर्घकाळ टिकते. केरळमधील आलुवा परिसरात, अमोनियम परक्लोरेटच्या कारखान्याजवळील विहिरींच्या पाण्यात ते आढळले आहे. गर्भवती माता आणि अर्भके यांना त्याचा धोका अधिक.

एक शब्द, पाच मिठे

आता आपल्या परिसराकडे वळू. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात शेतकऱ्याला ‘पोटॅश’ विचारले तर तो खताचे पोते दाखवील. उसासाठी तो म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड आणतो. निपाणीच्या ज्या तंबाखूवर हा भाग वाढला, त्या पिकाला मात्र क्लोराइड जास्त झाले की पान नीट जळत नाही; म्हणून तंबाखूसाठी सल्फेट ऑफ पोटॅशची शिफारस केली जाते. ही दोन मिठे शेतीची. पाण्यात विरघळणारे खत म्हणून आता पोटॅशियम नायट्रेटही मिळते, म्हणजे आपला जुना सोराच. हे तिसरे. आणि ‘गंधक-पोटॅश’ म्हणून मुले लोखंडी नळीत खिळा ठोकून जो बार काढत आली, त्यातील पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट. हे चौथे. फटाक्यांच्या कामातील पांढऱ्या भुकटीलाही, ती परक्लोरेट असली तरी, बोलताना पोटॅशच म्हटले जाते. हे पाचवे.

पाच मिठांना एक नाव. त्यांतील पहिली दोन निरुपद्रवी, तिसरे संथ, चौथे विश्वासघातकी आणि पाचवे वरकरणी शांत. ‘पोटॅश तर आपण शेतात हाताने टाकतो’ असा विश्वास एका मिठावरून दुसऱ्यावर सरकतो आणि तेथे अपघाताची तयारी होते. गंधक-पोटॅशच्या खेळात बोटे गमावलेली किंवा डोळ्याला इजा झालेली मुले पाहिलेले शिक्षक आणि डॉक्टर आपल्या भागात दुर्मीळ नाहीत. हा खेळ म्हणजे वस्तुतः १८९४ मध्ये ब्रिटनने आणि १९९२ मध्ये भारताने निषिद्ध ठरवलेले मिश्रण होय. अधिसूचनेने काडेपेटीचा गूल, खेळण्यातील टिकल्या यांसारख्या अल्प प्रमाणातील वापराला सूट दिली आहे. पुडीत मिसळून विकण्याला किंवा घरी कुटण्याला नाही.

सीमाभागात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. सोऱ्याला मराठीत सोरा, उर्दूत शोरा, कन्नडमध्ये पेट्लुप्पु म्हणतात. कन्नड शब्दात ‘उप्पु’ म्हणजे मीठ आहे. या तिन्ही भाषांत सोऱ्याला स्वतंत्र नाव आहे, कारण शतकानुशतके त्याच्याशी संबंध आला. क्लोरेट आणि परक्लोरेट यांना मात्र लोकांच्या तोंडी नावच मिळाले नाही. ते इंग्रजी लेबलासह आले आणि ‘पोटॅश’ या आयत्या नावाखाली नांदू लागले. एकाच गल्लीत मराठी, उर्दू आणि कन्नड माध्यमांच्या शाळांत जाणारी मुले राहतात. त्यांच्यापैकी कोणालाही डब्यावरील इशारा त्याच्या शाळेच्या भाषेत सहसा वाचायला मिळत नाही.

कायद्याची चौकट

शोभेच्या दारूचे उत्पादन, साठा आणि विक्री यांसाठी परवाना लागतो. २००८ च्या स्फोटक नियमांनुसार एका वेळी १५ किलोपर्यंत फटाके वा बारूद करण्याचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यापुढील परवाने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या स्फोटक विभागाकडून मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांना मनाई केली व कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचा आग्रह धरला. नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेने त्यासाठी नवी मिश्रणे सुचवली. तरीही अपघात थांबलेले नाहीत. कवठे एकंद येथेही २०१५ मध्ये कारखान्यातील स्फोटात कामगारांचे बळी गेले. परंपरेच्या बळाने कला टिकते. पण क्षार बदलला असेल तर जुने कौशल्य पुरत नाही.

समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बेळगाव परिसराचा दाहक क्षारांशी संबंध किमान साडेपाचशे वर्षांचा आहे आणि त्यात मुस्लिम विद्वान, सेनानी व कारागीर यांचा वाटा मोठा आहे. दुसरी, अल्-रम्माहच्या काळापासून या विद्येचा गाभा ‘कोणते मीठ कोणते’ हे ओळखण्यात होता. शुद्धीकरणाची सारी रीत त्यासाठीच होती. तिसरी, एकोणिसाव्या शतकानंतर नवे क्षार आपल्यापर्यंत पोहोचले, पण त्यांना ओळखण्याची विद्या त्यांच्यासोबत आली नाही. माल आला आणि ज्ञान मागे राहिले.

ही उणीव भरून काढणे शिक्षणसंस्थांना शक्य आहे. नववी-दहावीच्या वर्गात पोटॅशियमच्या या पाच क्षारांचा एक तक्ता मराठी, उर्दू आणि कन्नड या तिन्ही लिपींत लावावा. खत कोणते, सोरा कोणता, गंधकाजवळ कोणता कधीही न्यायचा नाही, हे त्यात लिहावे. दिवाळी, शब-ए-बरात आणि उरूस यांच्या आधीच्या आठवड्यात शिक्षकांनी दहा मिनिटे या तक्त्यासमोर द्यावीत. पारंपरिक कारागिरांनाही या शिक्षणात सामील करून घ्यावे. हाताचे शहाणपण त्यांच्याकडे आहे, क्षारांची नवी ओळख आपण द्यायची आहे.

गावानच्या मदरशात कोणी तरी बारूद ठेवली, तेव्हा ती जागा कशासाठी बांधली होती याचा विसर पडला होता. आज आपल्या शाळांत बारूद नाही. पण बारुदीविषयीचे अज्ञान आहे, आणि तेही तितकेच पेट घेणारे आहे. ते काढून टाकणे हीच त्या मदरशाची खरी आठवण ठरेल.